‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ घरी पाहायचाय? मग प्रेक्षकांची मतं वाचण्याआधी हे माहीत असू द्या

‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ची डिस्क विकणारं कुठलंही पान उघडा. पाच ताऱ्यांची लांबलचक रांग दिसेल. त्याच रांगेत मधूनमधून एक तारा देणारेही भेटतील. गंमत म्हणजे या एक तारावाल्यांपैकी अनेकांचा हा आयुष्यातला सर्वांत आवडता सिनेमा असतो!

आवडत्या सिनेमाला एक तारा? असं का?

कारण त्यांचा राग सिनेमावर नसतोच. तो असतो घरी पाहण्यासाठी आलेल्या त्या विशिष्ट आवृत्तीवर. कुणाला रंग पिवळे वाटतात, कुणाला बंदुकीचा आवाज बदललेला वाटतो, तर कुणाला मध्येच घुसवलेले प्रसंग खटकतात. गेली वीस-पंचवीस वर्षं हा वाद चालू आहे. हा वाद समजला की कुठल्याही जुन्या सिनेमावरची मतं कशी वाचायची, हेही समजतं.

थोडक्यात महत्त्वाचं

- दिग्दर्शक: सर्जिओ लिओने. संगीत: एन्निओ मोरिकोने. छायाचित्रण: तोनिनो देल्ली कोल्ली.
- कलाकार: क्लिंट ईस्टवूड (ब्लॉन्डी), ली व्हॅन क्लीफ (एंजल आईज), ईलाय वॉलक (टुको).
- इटलीत प्रदर्शन: डिसेंबर १९६६. अमेरिकेत प्रदर्शन: डिसेंबर १९६७.
- अमेरिकेत दाखवलेली लांबी: सुमारे १६१ मिनिटं. २००३ ची वाढीव इंग्रजी आवृत्ती: सुमारे १७९ मिनिटं.
- वादाचे तीन मुद्दे: लांबी, आवाज आणि रंग.

सिनेमा नेमका कशाबद्दल आहे?

काळ अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा. एका कबरस्तानात दोन लाख डॉलर्सचं सोनं पुरलेलं आहे. एकाला कबरस्तान माहीत आहे, दुसऱ्याला कबरीवरचं नाव. तिसरा माग काढत येतोय. तिघांचाही एकमेकांवर काडीचा विश्वास नाही, पण एकमेकांशिवाय चालतही नाही. एवढीच गोष्ट.

गोष्ट अमेरिकेची असली तरी सिनेमा मुळात इटालियन आहे आणि त्याचं बरंच चित्रीकरण स्पेनमध्ये झालं. वाळवंटातले प्रसंग अल्मेरिया भागातले आहेत, तर शेवटचं गोल कबरस्तान बुर्गोस प्रांतात स्पॅनिश सैनिकांकडून उभारून घेतलं होतं. इटालियन दिग्दर्शकांनी बनवलेल्या अशा काऊबॉयपटांना ‘स्पॅगेटी वेस्टर्न’ म्हणतात. सुरुवातीला हा शब्द हिणवण्यासाठीच वापरला जायचा.

या सिनेमावर लोकांचं प्रेम किती, तर २०१५ पासून चाहत्यांनी बुर्गोसमधलं ते कबरस्तान श्रमदानानं पुन्हा मोकळं केलं. पन्नास वर्षांत त्यावर माती आणि गवत चढलं होतं. हे लोक कुदळ-फावडी घेऊन आले आणि त्यांनी कबरी परत उभ्या केल्या. इतकं प्रेम करणारा प्रेक्षक डिस्कवरच्या आकाशाचा रंग बदललेला पाहून गप्प बसेल, अशी अपेक्षाच चुकीची.

तेव्हाच्या समीक्षकांना तो आवडला होता का?

सगळ्यांना नाही. अमेरिकेत तो आला तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या रेनाटा ॲडलर यांनी त्यावर कडाडून टीका केली. हिंसा, लांबी, संथपणा असे आक्षेप तेव्हा बऱ्याच जणांनी घेतले. प्रेक्षकांनी मात्र गर्दी केली.

रॉजर ईबर्ट यांची गोष्ट जास्त बोलकी आहे. १९६८ मध्ये त्यांनी या सिनेमाला तीन तारे दिले. पुढे २००३ मध्ये त्यांनी ‘महान चित्रपटां’च्या आपल्या मालिकेत त्याचा समावेश केला आणि जुन्या परीक्षणाबद्दल प्रामाणिक कबुली दिली. वर्णन आपण चार ताऱ्यांच्या सिनेमाचं केलं होतं, पण स्पॅगेटी वेस्टर्न म्हणजे कला असूच शकत नाही या समजुतीमुळे कदाचित एक तारा कमी दिला, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

म्हणजे ताऱ्यांचा आकडा आणि मनातलं मत यांत तेव्हाही फरक पडत होता. आज तो फरक वेगळ्या कारणानं पडतो.

वाद पहिला: खरा सिनेमा किती मिनिटांचा?

इटलीत सिनेमा जवळपास तीन तासांचा होता. अमेरिकेत तो १६१ मिनिटांवर आणला गेला. जे प्रसंग कापले गेले त्यांचं इंग्रजी डबिंगच झालं नाही. इंग्रजी भाषक जगानं अनेक वर्षं हीच छोटी आवृत्ती पाहिली आणि तीच डोक्यात बसली. १९९८ च्या अमेरिकन डीव्हीडीतही मुख्य सिनेमा छोटाच होता आणि कापलेले प्रसंग इटालियन भाषेत वेगळे, जोडअंक म्हणून दिले होते.

२००३ मध्ये हे प्रसंग मूळ जागी बसवून नवी इंग्रजी आवृत्ती तयार झाली. २००४ ला तिची डीव्हीडी आली, २००९ ला ब्लू-रे. इथून भांडणाला तोंड फुटलं.

लांब आवृत्ती आवडणाऱ्यांचं म्हणणं असं: युद्धात उद्ध्वस्त झालेल्या किल्ल्यात एंजल आईज जखमी सैनिकांमधून चालत जातो, तो प्रसंग सिनेमाला वजन देतो. एरवी दगडासारखा वाटणारा हा माणूस तिथे क्षणभर थबकतो. शिवाय युद्ध हे नुसतं पार्श्वभूमीला नाही, ते या तीन लुटारूंपेक्षाही मोठं पाप आहे, हे अशा प्रसंगांतून ठसतं.

छोटी आवृत्ती आवडणाऱ्यांचं म्हणणं असं: सिनेमा आधीच निवांत चालीचा आहे. त्यात आणखी भर घातली की लय बिघडते. शिवाय प्रत्येक गोष्ट समजावून सांगायची गरज नसते.

या दुसऱ्या गटाच्या हातात एक पक्का मुद्दा आहे. टुको एका गुहेत जाऊन जुन्या साथीदारांना गोळा करतो, असा एक प्रसंग वाढीव आवृत्तीत आहे. छोट्या आवृत्तीत टुको आपल्या माणसांसह थेट हॉटेलवर येऊन धडकतो, ती माणसं कुठून आली हे सांगितलं जात नाही. पण गुहेचा प्रसंग खुद्द लिओनेंनीच पहिल्या खेळानंतर काढून टाकला होता. लिओने १९८९ मध्ये वारले. त्यामुळे २००३ ची आवृत्ती हा दिग्दर्शकाचा अंतिम शब्द नाही. ती त्यांच्या पश्चात इतरांनी तयार केलेली सर्वांत भरगच्च आवृत्ती आहे.

‘जास्त मिनिटं म्हणजे जास्त अस्सल’ असं आपण पटकन धरून चालतो. इथे तसं नाही. आणि ‘छोटी म्हणजे मूळ’ हेही पूर्ण खरं नाही, कारण छोटी आवृत्ती अमेरिकन वितरणासाठी कापलेली होती.

वाद दुसरा: टुको मध्येच म्हातारा का वाटतो?

वाढीव प्रसंगांना इंग्रजी आवाज नव्हता. मग २००३ च्या आवृत्तीसाठी ईस्टवूड आणि वॉलक यांना पुन्हा बोलावून संवाद ध्वनिमुद्रित केले गेले. चित्रीकरणाच्या वेळी ईस्टवूड पस्तिशीत होते आणि वॉलक पन्नाशीत. आता एक सत्तरी ओलांडलेले आणि दुसरे सत्त्याऐंशीच्या घरात. व्हॅन क्लीफ १९८९ मध्येच गेले होते, त्यामुळे त्यांचे संवाद सायमन प्रेस्कॉट या कलाकारानं म्हटले.

परिणाम ऐकू येतो. पडद्यावर पन्नाशीतला टुको आणि कानावर म्हाताऱ्याचा आवाज. प्रसंग संपला की आवाज पुन्हा तरुण होतो. काही प्रेक्षकांना हे हृद्य वाटतं: तोच नट, सदतीस वर्षांनी, स्वतःच्याच तोंडात शब्द घालतोय. काहींना मात्र दर वेळी खडा लागल्यासारखं होतं.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. मूळ इंग्रजी आवाज मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा होता. नव्या डिस्कसाठी तो ५.१ सराऊंडमध्ये आणताना बंदुकीच्या काही आवाजांच्या जागी नवे आवाज घातले गेले. स्पॅगेटी वेस्टर्नमधला बंदुकीचा आवाज खऱ्यासारखा नसतोच. तो मुद्दाम फुगवलेला, चाबकासारखा सणसणीत असतो. मोरिकोनेंच्या संगीताइतकीच ती या सिनेमांची ओळख आहे. म्हणून घरात मोठे स्पीकर लावणाऱ्यांपैकीच अनेकांनी मागणी केली, की आम्हाला जुना मोनो द्या.

वाद तिसरा: आकाश पिवळं कसं झालं?

२०१४ मध्ये इटलीतल्या बोलोन्या शहरातल्या प्रयोगशाळेत सिनेमाचं फोर-के पुनरुज्जीवन झालं आणि त्यावर आधारित ब्लू-रे आली. तपशील आधीपेक्षा खूप स्पष्ट होते: चेहऱ्यावरचा घाम, दाढीचे खुंट, कोटाची वीण. पण संपूर्ण चित्रावर पिवळसर झाक होती. निळं आकाश हिरवटाकडे झुकलेलं, पांढरे शर्ट मळकट. सगळ्यात जास्त एक तारे बहुधा या आवृत्तीनं कमावले.

‘मूळ रंग कोणते होते हे आता कोण सांगणार?’ हा प्रश्न इथे येतो आणि तो रास्त आहे. कारण:

- त्या काळच्या अनेक रंगीत फिल्म कालांतरानं विटतात. काही रंग आधी उडतात आणि चित्र लालसर-गुलाबी दिसू लागतं. त्यामुळे निगेटिव्ह स्कॅन केली की मूळ रंग आपोआप मिळत नाहीत, ते ठरवावे लागतात.
- टेक्निकलर पद्धतीनं छापलेल्या जुन्या प्रती तुलनेनं टिकाऊ असतात. म्हणून जाणकार संदर्भासाठी त्यांच्याकडे बघतात.
- छायाचित्रकार देल्ली कोल्ली २००५ मध्ये वारले. २०१४ मध्ये दिग्दर्शकही नव्हते आणि छायाचित्रकारही.

पिवळ्या झाकेची बाजू घेणारेही आहेत. वाळवंट, ऊन, धूळ, तहान या सगळ्याला तो रंग शोभतो असं त्यांना वाटतं. पण विरोधकांचा मुद्दा साधा आहे: ऊन पिवळं दिसणं वेगळं आणि रात्रीच्या, घरातल्या, पावसाळी प्रसंगांवरही तीच झाक असणं वेगळं.

२०१७ मध्ये किनो लॉर्बर या अमेरिकन कंपनीनं पन्नासाव्या वर्षाच्या निमित्तानं नवा संच आणला. त्यात झाक कमी केली होती आणि छोटी आवृत्तीही दिली होती. २०२१ मध्ये याच कंपनीनं छोट्या आवृत्तीची फोर-के डिस्क काढली. तिच्यासाठी रंगांवर नव्यानं काम झालं. तिचं बऱ्यापैकी स्वागत झालं. वाद पूर्ण मिटला असं नाही, पण तक्रारींचा सूर उतरला.

दोष वाटणाऱ्या, पण दोष नसलेल्या दोन गोष्टी

पहिल्यांदाच हा सिनेमा पाहणाऱ्यांच्या प्रतिक्रियांमध्ये दोन तक्रारी हमखास असतात.

*‘ओठ आणि आवाज जुळत नाहीत.’* ते मुळातच जुळत नाहीत. तेव्हाच्या इटालियन सिनेमांत चित्रीकरणाच्या वेळी आवाज ध्वनिमुद्रित करत नसत. नट आपापल्या भाषेत बोलत: कुणी इंग्रजी, कुणी इटालियन, कुणी स्पॅनिश. नंतर प्रत्येक भाषेसाठी सगळं डब होई. त्यामुळे डिस्क परत करून दुसरी मागवली तरी फरक पडणार नाही.

*‘फोर-के असूनही चित्र दाणेदार आहे.’* हा सिनेमा टेक्निस्कोप पद्धतीनं चित्रित झाला. त्यात प्रत्येक चौकटीला नेहमीच्या निम्मी फिल्म लागते. पैसे वाचतात, रुंद चित्र मिळतं, पण लहान चौकट मोठी करावी लागल्यानं फिल्मचे दाणे जास्त दिसतात. ते पुसून चित्र गुळगुळीत करता येतं, पण मग चेहरे मेणाचे दिसू लागतात. चेहऱ्यांच्या क्लोजअपवर उभा असलेला हा सिनेमा आहे. त्यात चेहरेच घासून टाकले तर उरणार काय?

प्रेक्षकांच्या मतांनी खरंच काही बदलतं का?

बदलतं. दुसऱ्या एका गाजलेल्या वेस्टर्नचं उदाहरण पाहा: जॉर्ज स्टीव्हन्स यांचा ‘शेन’ (१९५३).

‘शेन’चं चित्रीकरण १९५१ मध्ये झालं. तेव्हा पडदा जवळपास चौकोनी, १.३७ प्रमाणातला असे. सिनेमा येईपर्यंत रुंद पडद्याची लाट आली आणि वर-खालचा भाग झाकून तो १.६६ प्रमाणात दाखवला गेला. २०१३ मध्ये वॉर्नर कंपनीनं ब्लू-रे जाहीर केली, तीही १.६६ प्रमाणात. चित्रपटप्रेमींनी आणि काही लेखकांनी जाहीर विरोध केला. दिग्दर्शकानं कॅमेऱ्यातून पाहिलेली चौकट हीच खरी, असा त्यांचा आग्रह होता. अखेर कंपनीनं निर्णय फिरवला आणि त्याच वर्षी डिस्क १.३७ प्रमाणात आली.

यात दोन्ही बाजूंकडे काहीतरी होतं. १.६६ ही खोटी चौकट नव्हती, लोकांनी ती थिएटरात पाहिली होती. पण चौकट, रंग आणि लांबी यांबद्दल प्रेक्षक बोलले नाहीत, तर जे विकलं जातं तेच पुढे ‘मूळ’ ठरतं. जुन्या सिनेमांच्या बाबतीत खरी भीती हीच आहे. थिएटरातल्या प्रती संपल्या की घरातली प्रत हाच सिनेमा. आज सोळा वर्षांची मुलगी फोनवर जी प्रत पाहील, तिच्यासाठी लिओनेंचं आकाश त्याच रंगाचं असेल.

आपल्याकडे याचा काय संबंध?

‘शोले’ (१९७५) वर लिओनेंच्या सिनेमांचा प्रभाव आहे हे सर्वश्रुत आहे. ठाकूरच्या कुटुंबाचं हत्याकांड आठवा आणि मग लिओनेंचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८) पाहा.

पण धागा इतकाच नाही. ‘शोले’चा मूळ शेवट वेगळा होता: त्यात ठाकूर गब्बरला स्वतः मारतो. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरच्या आक्षेपामुळे शेवट बदलला आणि गब्बर पोलिसांच्या हवाली झाला. आपण सगळे तोच शेवट पाहत मोठे झालो. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाऊंडेशननं सिप्पी फिल्म्ससोबत ‘शोले’चं फोर-के पुनरुज्जीवन केलं आणि २०२५ मध्ये मूळ शेवटासह तो बोलोन्याच्याच महोत्सवात दाखवला गेला.

आता प्रश्न आपल्या दारात आला. ‘खरा शोले’ कोणता? रमेश सिप्पींनी आधी चित्रित केलेला, की पन्नास वर्षं लोकांच्या तोंडी राहिलेला? ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’वरून परदेशात चाललेलं भांडण ऐकून ‘एवढं काय त्यात?’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला ‘शोले’चा शेवट बदललाय असं सांगून बघा. तोही तासभर बोलेल.

मग मतं वाचायची कशी?

जुन्या सिनेमाची डिस्क घेताना किंवा तो ओटीटीवर लावताना एवढं तपासा:

- तारीख पाहा. मत कोणत्या वर्षाचं आहे? २०१४ च्या डिस्कवरची शिवी २०२१ च्या डिस्कला लागू होत नाही. अनेक खरेदी संकेतस्थळांवर सगळ्या आवृत्त्यांची मतं एकाच ढिगात पडलेली असतात.
- मत कशावर आहे ते ओळखा. गोष्टीवर, आवृत्तीवर, चित्र-आवाजाच्या दर्जावर, की खोका फाटून आला म्हणून? चौथ्या प्रकारची मतं सरळ सोडून द्या.
- मिनिटं मोजा. २ तास ४१ मिनिटांच्या आसपास असेल तर छोटी आवृत्ती, ३ तासांना एखाद मिनिट कमी असेल तर वाढीव. पण ‘पाल’ पद्धतीच्या डीव्हीडीवर सिनेमा सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी पळतो, त्यामुळे छोटी आवृत्ती साधारण १५५ मिनिटांची आणि वाढीव १७२ मिनिटांची दिसते. काही कापलंय असं समजून घाबरू नका.
- तुलना करणाऱ्याला जास्त किंमत द्या. ‘रंग भंगार’ म्हणणाऱ्यापेक्षा कोणत्या प्रसंगात, कोणत्या प्रतीच्या तुलनेत, हे सांगणारा जास्त उपयोगी.
- आधी स्वतःचा टीव्ही तपासा. ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोडवर कुठलाही सिनेमा भडक दिसतो. ‘सिनेमा’ मोड लावा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटू शकतात.

पहिल्यांदा पाहत असाल तर कोणती आवृत्ती?

पहिल्यांदा छोटी आवृत्ती पाहा, मूळ मोनो आवाज मिळाला तर तोच लावा. लय घट्ट आहे आणि आवाजांची सरमिसळ नाही. सिनेमा आवडला तर दुसऱ्या वेळी वाढीव आवृत्ती पाहा, खास करून किल्ल्याच्या प्रसंगासाठी. मग आपलं मत बनवा आणि जरूर लिहा.

फक्त लिहिताना कोणती आवृत्ती पाहिली, ते पहिल्याच ओळीत सांगा. तुमच्या तीन ताऱ्यांपेक्षा पुढच्या प्रेक्षकाला ती एक ओळ जास्त कामाला येईल.